घोड्याची पाठ, स्वाराची बैठक : जालन्याच्या वाटेवरून खोगिराचा इतिहास

१/ लढायांच्या वर्णनांत तोफा मोजल्या जातात, घोडे मोजले जातात, पडलेली माणसेही मोजली जातात. घोडा आणि स्वार यांच्यामध्ये असलेल्या वस्तूकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे खोगीर. आजच्या जालना जिल्ह्याच्या भूमीवरून शतकानुशतके घोडदळे गेली. त्यांच्या निमित्ताने, आरामदायी आणि टिकाऊ बैठक कशाला म्हणावे या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ प्रारंभ शब्दांपासून. ‘खोगीर’ हा फारसी शब्द. ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. घाम शोषून घेणारी गादी ती खोगीर. ‘जीन’, पोटपट्ट्याचा ‘तंग’, शेपटीखालून जाणारी ‘दुमची’, छातीवरचा ‘पेशबंद’, पाय ठेवायची ‘रिकीब’ हेही शब्द फारसी-अरबीतून आले. दख्खनी सुलतानांच्या चाकरीतील मराठा सरदारांबरोबर ते गावोगावच्या पागेत रुजले आणि मराठीच झाले.

३/ याच शब्दसंग्रहातून एका समाजाचे नावही घडले : जीनगर, म्हणजे जीन घडवणारा. घोडदळ हा राज्यांचा कणा होता तोवर चामडे, कापड, लाकूड आणि धातू या चारही माध्यमांवर हुकमत असलेल्या या कारागिरांना मोठी मागणी होती. घोडदळांचे दिवस सरल्यावर त्यांच्यातील अनेक घराणी पुस्तकबांधणी, मूर्तिकाम आणि धातुकामाकडे वळली. हातातले कसब तेच राहिले, गिऱ्हाईक बदलले.

४/ चांगले खोगीर ओळखण्याची पहिली कसोटी घोड्याच्या शरीररचनेत आहे. घोड्याच्या पाठीच्या मधोमध कण्याची हाडे असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना जाड स्नायूंचे पट्टे असतात. भार पेलण्याचे सामर्थ्य या स्नायूंत आहे, कण्याच्या टोकांत नाही. म्हणून खोगिराचा भार दोन बाजूंना वाटला गेला पाहिजे आणि मध्ये कण्यावर मोकळी वाट राहिली पाहिजे. ही वाट बुजली की पाठीला जखम झालीच म्हणून समजावे.

५/ या प्रश्नाला दोन परंपरांनी दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर मऊ खोगिराचे : सांगाडा नसलेला चारजामा किंवा कापूस, लोकर, नमदा यांची शिवलेली गादी. ती हलकी, स्वस्त, वाटेतच दुरुस्त होणारी आणि पाठीच्या आकाराशी जुळवून घेणारी. दुसरे उत्तर लाकडी सांगाड्याच्या जिनाचे : कण्यावर पक्की मोकळी वाट ठेवणारे, भार मोठ्या क्षेत्रावर पसरवणारे, वर्षानुवर्षे टिकणारे, पण जड, महाग आणि एकाच आकारात बांधलेले.

६/ दोन्हींचे दोषही वेगळे. मऊ गादी दीर्घ प्रवासात दबते, तिच्यात गुठळ्या होतात आणि स्वाराचा भार हळूहळू कण्यावर उतरतो. सांगाड्याचे जीन दबत नाही; पण मोहिमेत घोडा रोडावला की तेच लाकूड त्याच्या पाठीला टोचू लागते. महिन्यापूर्वी नेमके बसणारे जीन आज शत्रू ठरू शकते. त्यामुळे सांगाड्याखाली घडी घातलेले कांबळे ठेवण्याची पद्धत अनेक फौजांत होती. घडी बदलून पोकळी भरून काढता येई.

७/ गादीच्या आत काय भरले आहे, हा प्रश्नही महत्त्वाचा. बाहेरून गुबगुबीत दिसावे म्हणून चिंध्या, गवत, हाती येईल ते कोंबलेले खोगीर दोन मजलांत बसते. मराठीतला ‘खोगीरभरती’ हा शब्द इथूनच आला. निरुपयोगी मजकुराला किंवा बिनकामाच्या माणसांना आज हा शब्द लावला जातो. मुळात ती घोड्याच्या पाठीशी केलेली फसवणूक होती.

८/ खोगिराची निवड कोण करी, हे घोडा कोणाचा यावर अवलंबून असे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि सरंजाम घेऊन चाकरीला येई. शिलेदाराच्या दृष्टीने घोडा हेच भांडवल होते. पाठ सोललेला घोडा म्हणजे बंद पडलेली चाकरी, थांबलेली मिळकत आणि कदाचित सावकाराचे दार. खोगिरात केलेली काटकसर त्याला सर्वांत महाग पडे.

९/ शिवाजी महाराजांच्या पागेची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. सभासदाच्या बखरीनुसार २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्याच २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा ही माणसे सैन्याच्या अगदी लहान तुकडीतही होती. घोड्याची निगा स्वाराच्या मर्जीवर न सोडता ती व्यवस्थेचा भाग करण्यात आली होती.

१०/ चिपळूणच्या छावणीतील लष्कराला महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण बेताने वापरावी, नाहीतर ऐन पावसात उपास पडून घोडी मरतील, असा त्याचा आशय. रयतेला उपद्रव होऊ नये ही त्यामागची मुख्य चिंता. खोगिराच्या दृष्टीने त्यात आणखी एक व्यवहार दडलेला आहे : पोटभर वैरण मिळालेल्या घोड्याच्याच पाठीवर मांस राहते, आणि मांस असलेल्या पाठीवरच खोगीर नीट बसते.

११/ आता जालना. नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांच्या फौजेने मोगलांच्या ताब्यातील ही संपन्न पेठ लुटली. परतीच्या वाटेवर संगमनेरच्या परिसरात रणमस्तखानाच्या फौजेशी गाठ पडली. त्या झुंजीत सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. मागून आणखी मोगल फौजा येत होत्या. लुटीने लादलेली, दमलेली जनावरे आणि अंगावर येणारा शत्रू, अशा स्थितीत पुढची वाट काढायची होती.

१२/ बहिर्जी नाईक जासुदाने आडवाटांनी फौजेला सह्याद्रीतील पट्टा किल्ल्याकडे नेले, असे बखर सांगते. अशा रात्रंदिवसच्या चालीत खोगीर उतरवून पाठ कोरडी करण्यास उसंत नसते. घाम, धूळ आणि घर्षण एकत्र येतात; तंग ढिला पडला तर चढणीवर खोगीर मागे सरकते, उतारावर मानेकडे येते. पेशबंद आणि दुमची यांचे खरे मोल अशा वाटेवर कळते. महाराजांनी पट्ट्यावर विसावा घेतला आणि किल्ल्याला ‘विश्रामगड’ हे नाव मिळाले.

१३/ पुढचा प्रसंग सव्वाशे वर्षांनंतरचा. सप्टेंबर १८०३ च्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला आर्थर वेलस्लीची फौज सकाळीच १४ मैल चालून मुक्कामाला पोहोचली होती. तेथे त्याला शिंदे-भोसल्यांची फौज अपेक्षेपेक्षा खूपच जवळ असल्याचे कळले. विसावा रद्द झाला. केळणा नदीचा उतार ओलांडून तो केळणा आणि जुई या नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात असई गावासमोर उभा राहिला.

१४/ मराठ्यांच्या बाजूला पोलमनच्या हाताखालील कवायती पलटणी, शंभराच्या आसपास तोफा आणि हजारोंचे घोडदळ होते. असई गावाजवळ इंग्रजांची उजवी बगल तोफांच्या माऱ्यात चिरडली जाऊ लागली, तेव्हा १९ वी लाइट ड्रगून्स आणि मद्रासचे देशी घोडदळ यांनी हल्ला करून ती वाचवली. त्यांचा प्रमुख पॅट्रिक मॅक्सवेल याच लढाईत पुढे ठार झाला. वेलस्लीचा एक घोडा मारला गेला, तर ‘डायोमेड’ हा दुसरा घोडा भाल्याने जखमी झाला.

१५/ इंग्रजांनी रण जिंकले. पण त्यांची १,५०० हून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. माघार घेणाऱ्या फौजेचा पाठलाग करण्याइतके त्राण त्यांच्या घोडदळात उरले नव्हते. सकाळपासूनची चाल आणि दुपारचे हल्ले यांनी घोडी आणि माणसे दोन्ही संपली होती. विजय पुरा होण्यासाठी लागणारे शेवटचे काही मैल घोड्याच्या पाठीवरच अवलंबून असतात, हे असईने दाखवले.

१६/ त्यानंतर जालना हे छावणीचे गाव झाले. येथे ज्यांचा तळ असे त्या हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्यांत ‘सिल्लेदार’ पद्धत होती. नावावरूनच ओळख पटते : हीच आपली जुनी शिलेदारी. घोडा आणि साज यांचा भार स्वाराच्या पगारातून भागे. घोडा निकामी झाला की झळ सरकारला कमी आणि स्वाराला अधिक बसे. आरामदायी खोगीर ही येथेही चैन नव्हती, रोजीरोटीचा विमा होता.

१७/ १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले. त्यातूनच आलेल्या २० व्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर हाय वुडपाशी भाले घेऊन हल्ला केला. तोवर ब्रिटिश सैन्यात १९१२ च्या नमुन्याचे जीन आले होते. त्याच्या कमानी बाजूच्या फळ्यांना बिजागरीसारख्या जोडलेल्या असल्याने फळ्या घोड्याच्या अंगाप्रमाणे वळत. मऊ गादीचा गुण सांगाड्याच्या जिनात आणण्याचा तो प्रयत्न होता.

१८/ याच काळात ‘बैठक’ घोड्यावरून दुचाकीवर उतरली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॉन बोल्टबी ब्रूक्स याचा १८६६ पासून घोड्यांच्या साजाचा व्यवसाय होता. १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला आणि तो सायकल वापरू लागला. तिची बैठक इतकी त्रासदायक निघाली की त्याने स्वतःच नवी घडवली आणि १८८२ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे-मागे ताणून बसवलेले जाड चामडे हळूहळू बसणाऱ्याचा आकार घेते, हे तिचे तत्त्व.

१९/ १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या सायकली डोंगरउतारावरून हाकू लागले आणि माउंटन बाइकचा जन्म झाला. तिच्या सीटची निवड आजही पागेतल्याच नियमांनी होते. भार बसण्याच्या दोन हाडांवर यावा, म्हणून सीटची रुंदी त्या हाडांच्या अंतराला जुळणारी हवी. मधला भाग मोकळा हवा. घोड्याच्या कण्यासाठी ठेवलेली वाट आता स्वाराच्या नसा आणि रक्तवाहिन्या वाचवते.

२०/ जाड, गुबगुबीत सीट दुकानात सुखद वाटते. तासाभरात ती दबते आणि भार नको तिथे येतो. ही आधुनिक खोगीरभरतीच. सांगाडा लवचीक पण भक्कम, भरण बेताचे व घट्ट आणि आवरण घासणीला टिकणारे असावे. वापरून पाहिल्याशिवाय निवड करू नये, हाही जुनाच नियम. एका घोड्याचे खोगीर दुसऱ्याला बसेलच असे नाही. एका स्वाराची सीटही दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

२१/ एक फरक मात्र मोठा आहे. सायकलवर चुकीच्या निवडीची वेदना निवडणाऱ्यालाच होते, म्हणून चूक लवकर सुधारते. घोड्यावर ती वेदना मुक्या जनावराला होई, आणि खोगीर उतरवून पाठीवर हात फिरवणाऱ्या स्वारालाच ती कळे. जालन्यापासून विश्रामगडापर्यंत किंवा केळणेच्या उतारापासून असईपर्यंत गेलेल्या त्या घोड्यांची नावे, एखादा डायोमेड सोडला तर, कोणी लिहून ठेवली नाहीत. इतिहासाचा भार मात्र त्यांच्याच पाठीवर होता.