चुळबुळ्या आणि धांदरट : सौम्य मज्जाचिन्हांचा पूर्वेतिहास

मालवणच्या किनाऱ्यावर काय किंवा घाटावर काय, मराठी घरांत मुलांच्या वाट्याला दोन दूषणे नित्य येतात. एका जागी न बसणारा तो चुळबुळ्या. ज्याच्या हातून भांडे निसटते, सदऱ्याचे बटण लागता लागत नाही, तो धांदरट. पुष्कळदा ही दोन्ही दूषणे एकाच मुलास लागू पडतात. पाश्चात्य वैद्यकाने हा संबंध हेरला खरा. परंतु त्याचा अर्थ लावताना ते दीर्घकाळ चुकले.

१९०२ साली जॉर्ज स्टिल यांनी लंडन येथील व्याख्यानांत अनावर मुलांचे वर्णन केले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मस्तिष्कदाहाची साथ आली आणि तीतून वाचलेली काही मुले तशीच वागू लागली. तेव्हा मेंदूची इजा हेच कारण, ही समजूत दृढ झाली. स्ट्राउस व लेटिनेन यांच्या १९४७ च्या ग्रंथाच्या सुमारास तर तर्काची दिशाच उलटली : वर्तनावरून इजा अनुमानिली जाऊ लागली! त्याच वर्षी लॉरेटा बेंडर यांनी, निराळ्या विकाराच्या मुलांसंबंधी लिहिताना, ‘सौम्य’ चिन्हांचा विचार मांडला. एका हाताची बोटे क्रमाने अंगठ्यास टेकविताना दुसऱ्या हाताचीही नकळत हलतात. तळहात भराभर उलटसुलट करताना लय बिघडते. ही चिन्हे न दिसणाऱ्या इजेचा पुरावा मानली गेली. इजा म्हटली की संशय बाळंतपणावर, म्हणजे अखेर आईवर जातो, हे निराळे सांगावयास नको.

१९६२ च्या ऑक्सफर्ड येथील परिषदेने ‘इजा’ शब्द सोडून ‘कार्यवैगुण्य’ स्वीकारला. परंतु खरा पालट वयाचे माप हाती आल्यावर झाला. डेंक्ला यांनी १९७४ मध्ये निरोगी मुलांच्या हालचाली वयवार मोजल्या आणि १९७८ मध्ये रुडेल यांच्यासह अतिचंचल मुलगे या मापाने मागे असल्याचे दाखविले. सहाव्या वर्षी दुसऱ्या हाताची बोटे हलणे स्वाभाविकच. बाराव्या वर्षीही ती ठळकपणे हलत असतील तर परिपक्वता लांबली आहे, एवढेच म्हणता येते. केवळ या चिन्हांवरून निदान होत नाही.

आपल्याकडे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, कोकणच्याच उत्तर टोकास पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या तपासणीच्या विकारांत अवधानन्यूनता व अतिचंचलता हाही आहे. सिंधुदुर्गातील एखाद्या शाळेत पथक येते, तेव्हा वैद्यास प्रत्येक मुलासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. तेवढ्यात बोटे टेकवून पाहता येतील. परंतु मूल घरी व वर्गात कसे वागते, हे आईस आणि गुरुजींस विचारावेच लागेल.