विषाची वही

दीपावलीत आपण दुकानातील रोजकीर्द व खतावणी यांची पूजा करतो. परंतु काही दुकानांत आणखी एक वही असावी लागते. ती विषाच्या विक्रीची. आपल्या ज्ञातीत दुकानदारी करणारी कुटुंबे पुष्कळ असल्याने तिचा इतिहास येथे थोडक्यात देत आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात उंदीर मारण्यासाठी म्हणून सोमल कोणासही सहज विकत मिळे. पिठात वा साखरेत मिसळल्यास तो ओळखू येत नसे. त्यायोगे खून होऊ लागले, तेव्हा १८५१ साली पार्लमेंटने कायदा केला. ग्राहकाचे नाव, ठिकाण, व्यवसाय, सोमलाचे वजन व प्रयोजन वहीत लिहावे. ग्राहक अनोळखी असल्यास ओळखीचा साक्षीदार हजर असावा. आणि किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी वा नीळ मिसळावी, म्हणजे तो रंगाने उघडा पडेल, अशी ती व्यवस्था होती. तरीही १८५८ साली ब्रॅडफर्ड गावी औषधविक्रेत्याच्या मदतनिसाने मिठाईत घालावयाच्या पांढऱ्या भुकटीऐवजी चुकून सोमल दिला, आणि ती मिठाई खाऊन सुमारे २० माणसे दगावली. कायदा पुस्तकात जागा असून भागत नाही. दुकानदार जागा असावा लागतो.

हिंदुस्थानात विषविक्रीवर नियंत्रण घालणारा कायदा १९०४ साली झाला व १९१९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. पुढे ॲसिड फेकून स्त्रियांना विद्रूप करण्याचे नीच प्रकार वाढले. २००५ साली दिल्लीत अशा हल्ल्यास बळी पडलेल्या लक्ष्मी नामक मुलीने न्यायालयात दाद मागितली. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, ग्राहकाचे नाव, पत्ता, प्रमाण व कारण नोंदविल्याविना, तसेच छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र पाहिल्याविना ॲसिड विकू नये. १८ वर्षांखालील व्यक्तीस तर मुळीच देऊ नये. साठा न कळविणाऱ्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला.

आता आमचीच एक कबुली. मोरीची फरशी धुण्यासाठी आम्ही एका दुकानी ॲसिड आणावयास गेलो. दुकानदार आमचा जुना विद्यार्थी. ओळखपत्र काढू लागलो, तोच तो म्हणाला, “गुरुजी, तुमचे नाव काय लिहावयाचे?” आम्हीही सुखावलो आणि बाटली घेऊन घरी आलो. रात्री मात्र झोप येईना. ज्यांनी असे घात केले तेही कोणाच्या तरी ओळखीचेच असतील! १८५१ च्या त्या कायद्यातही ओळखीच्या माणसास नोंद चुकत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकानी जाऊन आम्ही ओळखपत्र पुढे ठेवले व वही मागितली. ती पहिल्या पानापासून कोरी होती. पहिले नाव आमचे पडले.

आमच्या ज्ञातिबांधव दुकानदारांना एवढीच विनंती की, ओळखीच्या माणसाचेही नाव लिहून घ्यावे. आणि ग्राहकांनी त्यात आपला अपमान मानू नये.