‘एका ठिकाणी’ म्हणजे कुठे? कुलाब्याचं चुंबक, दादरची ट्राम आणि अलिबाग

चुंबकत्वाच्या धड्यातली गणितं आठवतात? त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘एका ठिकाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक अमुक अमुक आहे, तर...’ पुढे तार येते, तारेतून विद्युतधारा जाते, होकायंत्राची सुई वळते आणि आपण कोन काढतो. हे ‘एक ठिकाण’ कुठलं आणि तो आकडा आणला कोणी, हे मात्र विचारायचं राहूनच जातं. आज तेच विचारूया, कारण मुंबईपुरतं त्याचं उत्तर पक्कं माहीत आहे. ठिकाण म्हणजे कुलाबा.

आधी गणित करू, ते पुढे लागणार आहे. सरळ लांब तारेचं क्षेत्र काढायची सोपी युक्ती: धारा अँपिअरमध्ये, अंतर मीटरमध्ये घ्या, धारेला अंतराने भागा आणि २०० ने गुणा. उत्तर नॅनोटेस्लामध्ये येतं. उत्तर-दक्षिण ठेवलेल्या तारेतून ३ अँपिअर धारा जातेय आणि तिच्याखाली २ सेंटिमीटरवर होकायंत्र आहे असं धरा. क्षेत्र झालं ३०,००० नॅनोटेस्ला. मुंबईत पृथ्वीचा क्षितिजसमांतर घटक आहे सुमारे ३८,०००. दोन्ही एकमेकांना काटकोनात, म्हणून सुई साधारण ३८ अंश वळेल. दहावीत ओर्स्टेडचा प्रयोग असतो तो हाच.

आता तो ३८ हजारांचा आकडा. ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याला वेधशाळा बांधली १८२६ मध्ये. मूळ हेतू जहाजांसाठी अचूक वेळ आणि खगोलशास्त्र. चुंबकीय नोंदी सुरू झाल्या १८४१ मध्ये, तेव्हा एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार तिथलं काम बघत होते. त्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे आपली माणसंही होती. ‘दर्पण’वाले बाळशास्त्री जांभेकर या वेधशाळेशी जोडलेले होते. केरूनाना छत्रे तिथे सहायक होते, ते पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक आणि टिळकांचे गुरू झाले. मराठीत विज्ञानाची सुरुवात म्हटलं की आपण पुस्तकं आणि मासिकं मोजतो. माझ्या मते ती मोजणी कुलाब्यापासून करायला हवी, कारण इथे कोणी विज्ञानाबद्दल लिहीत नव्हतं, रोज उठून ते करत होतं. टांगलेल्या चुंबकाची स्थिती दुर्बिणीतून बघायची, आकडा वहीत उतरवायचा, तासाभराने पुन्हा. दिवस-रात्र.

हे काम किती कंटाळवाणं असेल! पण त्याच कंटाळ्यातून एक सोन्याची नोंद मिळाली. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमेवर डाग रेखाटत होते. अचानक डागांच्या गटावर पांढरा प्रखर प्रकाश चमकला आणि काही मिनिटांत विझला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुंबईच्या वेळेनुसार अकराच्या आसपास, कुलाब्याचा क्षितिजसमांतर घटक धडाधड खाली आला. एरवी तासाला एक नोंद घ्यायची पद्धत, पण वादळात दर पंधरा मिनिटांनी, मग दर पाच मिनिटांनी आकडे वाचले गेले. घसरण सुमारे १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे एकूण आकड्याच्या चार टक्क्यांहून जास्त.

गंमत अशी की इंग्लंडमध्ये ग्रिनिच आणि क्यू इथे तोवर फोटोग्राफिक कागदावर आपोआप नोंद व्हायची. त्या दिवशी तिथली प्रकाशाची रेघ कागदाबाहेर निघून गेली. इथे जुनी पद्धत होती, माणूस डोळ्यांनी वाचत होता, म्हणून आकडे हाती राहिले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आणि सहकाऱ्यांनी याच नोंदी अभ्यासून त्या वादळाची तीव्रता मांडली. एवढी घसरण नेमकी कुठल्या प्रवाहांमुळे झाली यावर अजून वाद आहे, पण वाद घालायला आकडे आहेत ते कुलाब्याचेच.

कुलाब्यालाही पुढे, १८७० च्या दशकात, फोटोग्राफिक यंत्रं आली. इथे धड्यातला प्रकाशाचा भाग कामाला येतो. चुंबकाला छोटा आरसा चिकटवलेला असतो, त्यावर दिव्याचा किरण पडतो. आरसा जितका वळतो, त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो. समजा कागद दीड मीटरवर आहे आणि चुंबक फक्त एक कला वळलं, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. कागदावरचा ठिपका जवळजवळ ०.९ मिलिमीटर सरकतो. डोळ्यांना दिसेल एवढा!

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुलाब्यात जगातली एक फार लांब आणि फार नाजूक नोंदवही तयार झाली होती. १८९६ पासून तिचे संचालक होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, या पदावरचे पहिले भारतीय. आणि त्याच सुमाराला शहराला हवी होती विजेची ट्राम.

घोड्यांची ट्राम १८७४ पासून होतीच, कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत. तिचा चुंबकाला त्रास नव्हता. विजेच्या ट्रामचा का व्हावा? वरच्या तारेतून धारा जाते आणि रुळांतून परत येते. दोन समान, विरुद्ध धारा, मधे समजा ६ मीटर अंतर. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम लावला तर लांबून दोघांची क्षेत्रं जवळपास रद्द होतात. १०० अँपिअर असले तरी ५०० मीटरवर उरतो जेमतेम अर्धा नॅनोटेस्ला. मग एवढा गोंधळ कशाला?

गोंधळ रुळांमुळे. रूळ जमिनीवर टेकलेले असतात, त्यामुळे परतीची काही धारा मातीत, पाण्याच्या पाइपांत झिरपते आणि वाट्टेल त्या मार्गाने जाते. १०० पैकी २० अँपिअर असे सुटले तर वरच्या तारेतल्या तेवढ्याच धारेला रद्द करणारं कोणी उरत नाही. २० भागिले ५००, गुणिले २००: आठ नॅनोटेस्ला. सूर्यामुळे क्षितिजसमांतर घटकात दिवसभरात होणारा नेहमीचा बदलच काही दशक नॅनोटेस्लांचा असतो. त्यात हे आठ मिसळायचे, आणि तेही स्थिर नाहीत. ट्राम सुटली की वाढणार, थांबली की कमी होणार, रात्री शून्य. नोंदवहीत सूर्य राहणार नाही, ट्रामचं वेळापत्रक उमटेल.

ही भीती काल्पनिक नव्हती. टोरंटोची चुंबकीय वेधशाळा ट्राममुळेच १८९८ मध्ये शहराबाहेर हलवावी लागली होती. क्यूचं काम पुढे १९०८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला गेलं, त्याचंही कारण ट्राम.

मूस यांनी जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त आवडतं. समुद्रापलीकडे, कुलाब्यापासून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागला १९०४ मध्ये नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकामाला पोरबंदरचा दगड आणला, कारण आपल्या काळ्या दगडात चुंबकीय खनिज असतं आणि तो स्वतःच सुईला खेचतो. आणि मग कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथे जुनी सिस्टिम बंद करायच्या आधी नवीन तिच्या शेजारी चालवून आकडे जुळवतात. बहुतेक वेळा दोन आठवड्यांत लोकांचा धीर सुटतो. इथे दोन वर्षं! दोन जागांमधला फरक कळला म्हणूनच कुलाब्याची मालिका अलिबागला जोडता आली, नाहीतर १९०६ ला एक वही संपली आणि दुसरी सुरू झाली, एवढंच झालं असतं. १८४६ ते १९०५ च्या नोंदींचं विश्लेषण मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत छापलं. या विषयातले लोक आजही ते उघडतात.

वेळही अचूक साधली. १९०५ मध्ये ट्राम आणि वीज पुरवणारी कंपनी आली, तीच पुढे आपली बेस्ट. ७ मे १९०७ ला पहिली विजेची ट्राम धावली. मग ट्राम शहरभर पसरली, गिरगावात, भायखळ्याहून लालबाग-परळमार्गे दादरला. दादरला ती जिथे संपायची त्या खोदादाद सर्कलला लोक अजून दादर टीटी म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे तिथे रोज बस पकडणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं.

ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. मग चुंबक कुलाब्याला परत का नाही आलं? कारण तोवर लोकल आल्या होत्या. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली (तेव्हा कुलाब्याला स्टेशन होतं, १९३० अखेर ते बंद झालं). तीही तेव्हा ट्रामसारखीच एकदिश धारेवर धावायची, पण कितीतरी मोठ्या धारेवर. कुलाब्याच्या आवारात पुढे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं ऑफिस होतं, आता ती पनवेलला आहे. मोजमाप अलिबागलाच चालू आहे.

जाता जाता एक गणित. लोकलच्या रुळांतून १०० अँपिअर जमिनीत झिरपतात असं धरा. सरळ लांब तारेचंच सूत्र लावलं, तर किती अंतरावर त्यांचा परिणाम एक नॅनोटेस्लाच्या खाली जाईल? १०० गुणिले २००, म्हणजे २०,००० मीटर. वीस किलोमीटर. खरी रेल्वे अनंत लांब नसते, त्यामुळे प्रत्यक्षात अंतर यापेक्षा कमी येईल. अलिबाग आहे तीसवर.