परराष्ट्रमंत्र्यांना प्रश्न : दिल्लीचे सभागृह आणि बीडचा हक्क

परराष्ट्र व्यवहार हा राज्यघटनेच्या संघसूचीतील विषय आहे. त्यामुळे मुंबई किंवा नागपूरच्या विधिमंडळात कोणत्याही आमदाराला त्यावर प्रश्न विचारून केंद्र सरकारकडून उत्तर मिळवता येत नाही. युरोपात शिकणारा विद्यार्थी युद्धात अडकला, आखातात गेलेला कामगार बेपत्ता झाला किंवा पासपोर्टचे काम रखडले, तर बीडसारख्या जिल्ह्याला सरकारला जाब विचारण्यासाठी एकच अधिकृत दार उरते, ते म्हणजे संसदेतील प्रश्नोत्तराचा तास. लोकसभेत बीडचा एक खासदार असतो आणि राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य असतात. जिल्ह्याचा परराष्ट्र धोरणाशी थेट संबंध येतो तो यांच्यामार्फतच.

या दाराचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. परकीय राष्ट्राशी करार करण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, अशी अट भारतीय राज्यघटनेत नाही. कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करावा लागल्यास २५३ व्या कलमान्वये तो अधिकार संसदेला आहे. भूप्रदेश दुसऱ्या देशाला द्यावयाचा असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते. बांगलादेशाशी झालेल्या भूसीमा करारासाठी २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती झाली, ती याच कारणाने. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी केलेल्या तहाला सिनेटच्या दोन तृतीयांश बहुमताची संमती लागते. आपल्याकडे तशी तरतूद नसल्याने परराष्ट्र धोरणावर संसदेचा दैनंदिन अंकुश राहतो तो प्रामुख्याने प्रश्नांतून.

दुहेरी बंदीचा काळ

प्रश्न विचारण्याचा हक्क भारतीय प्रतिनिधींना १८९२ च्या कायद्याने प्रथम मिळाला. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्नाची मुभा दिली. मात्र १९१९ च्या सुधारणांनंतरच्या केंद्रीय विधिमंडळातही दोन विषय निषिद्ध होते. एक म्हणजे परकीय राष्ट्रांशी असलेले संबंध आणि दुसरा म्हणजे संस्थानिकांचा कारभार.

बीडला या दोन्ही बंद्यांचा फटका बसला. जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील जनतेने निवडलेला कोणीही प्रतिनिधी दिल्लीच्या सभागृहात नव्हता आणि जे सदस्य होते त्यांना संस्थानाच्या कारभाराबद्दल विचारता येत नव्हते.

पुढे याच भूमीचा प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर गेला. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. १६ सप्टेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे परिषदेत हैदराबादचा विषय निघाला, तेव्हा भारतीय फौजा संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. पॅरिसच्या त्या सभागृहात निजामाचे शिष्टमंडळ बोलले, भारताचे प्रतिनिधी बोलले. ज्यांच्या भवितव्याचा तो प्रश्न होता, त्या मराठवाड्यातील जनतेचा निवडून दिलेला माणूस मात्र तेथे नव्हता.

ही उणीव १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने भरून निघाली. बीडमधून हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते रामचंद्र गोविंद ऊर्फ बाबासाहेब परांजपे लोकसभेवर गेले. त्यांनंतर १९६७ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षातर्फे, तर १९७७ मध्ये गंगाधरअप्पा बुरांडे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडमधूनच निवडून आले. एकेकाळी ज्या जिल्ह्याचे नाव दिल्लीत काढण्यास मज्जाव होता, त्या जिल्ह्याचा प्रतिनिधी आता कोणत्याही देशाविषयी भारताच्या मंत्र्याला प्रश्न विचारू शकत होता.

नियम काय सांगतात?

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ वाजता असतो. राज्यसभेत तो २०१४ पासून दुपारी १२ वाजता घेतला जातो. मंत्रालयांचे गट पाडून प्रत्येक गटाला आठवड्यातील एक वार नेमून दिलेला असतो. परराष्ट्र मंत्रालयाचा वार आला की त्याच दिवशी त्याचे प्रश्न येतात. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस अगोदर द्यावी लागते.

प्रश्नांचे मुख्य प्रकार दोन. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते व ते पटलावर ठेवले जाते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. त्यात स्थान मिळावे यासाठी सोडत काढली जाते. एका सदस्याच्या नावावर दिवसाला एकच तारांकित प्रश्न लागू शकतो. तातडीच्या विषयावर अल्पसूचना प्रश्न विचारता येतो. उत्तराने समाधान न झाल्यास अर्ध्या तासाच्या चर्चेची मागणी करता येते.

प्रश्न सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा, त्यात युक्तिवाद, तर्कवितर्क किंवा आरोप नसावेत, असे नियम सर्वच मंत्रालयांच्या प्रश्नांना लागू आहेत. परराष्ट्र व्यवहाराला विशेष लागू पडणारा नियम असा की, मित्रराष्ट्राचा असभ्य शब्दांत उल्लेख करता येत नाही. शिवाय माहिती उघड करणे जनहिताचे नाही, असे सांगून मंत्री उत्तर नाकारू शकतात. वाटाघाटी चालू असताना हे कारण पुष्कळदा योग्य असते, पण त्याचा आडोसाही घेता येतो. अशा वेळी प्रश्नकर्त्याची तयारी कामी येते. ‘सरकारचे धोरण काय?’ या प्रश्नाला ठरावीक साच्याचे उत्तर मिळते. ‘किती अर्ज आले, किती निकाली निघाले, उरलेल्यांना किती मुदत लागेल?’ असे विचारल्यास आकडे द्यावे लागतात.

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात परराष्ट्रमंत्र्यांची तोंडी उत्तरांची पाळी साधारण पाच आठवड्यांनी येते. तेथे मंत्री लॉर्ड्स सभागृहाचे सदस्य असतील तर ते कॉमन्समध्ये उत्तरे देत नाहीत. नोव्हेंबर २०२३ ते जुलै २०२४ या काळात डेव्हिड कॅमेरन परराष्ट्रमंत्री असताना कॉमन्समध्ये त्यांच्या वतीने कनिष्ठ मंत्री उत्तरे देत असत. आपल्या घटनेच्या ८८ व्या कलमामुळे मंत्री कोणत्याही सभागृहाचा सदस्य असला तरी दोन्हीकडे बोलू शकतो. राज्यसभेचे सदस्य असलेले एस. जयशंकर मे २०१९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यापासून लोकसभेतही उत्तरे देत आले आहेत. बीडच्या खासदाराच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे.

सभागृहात काय घडले

पंडित जवाहरलाल नेहरूंनी १९४७ ते १९६४ या काळात परराष्ट्र खाते स्वतःकडेच ठेवले होते. अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधल्याची बाब ऑगस्ट १९५९ मध्ये सदस्यांनी सीमाप्रश्न लावून धरल्यावर संसदेत उघड झाली. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका सरकारला सादर करावी लागली.

युरोपशी निगडित सर्वांत जिव्हाळ्याचा विषय महाराष्ट्राच्या शेजारचाच होता. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले नव्हते. १९७४ मध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली आणि मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत चव्हाण आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश यांनी करारावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव आणि दादरा व नगर हवेलीवरील भारताच्या सार्वभौमत्वाला त्यामुळे पोर्तुगालची मान्यता मिळाली.

मात्र चव्हाणांच्याच कारकिर्दीत प्रश्नांचा आवाज बंद झाला. आणीबाणी पुकारल्यानंतर जुलै १९७५ मध्ये भरलेल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित करण्यात आला. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळीही तो वगळला होता. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या साथीत तोंडी प्रश्न रद्द होऊन केवळ लेखी उत्तरे मिळाली. संकटकाळात सरकारला प्रश्न नकोसे होतात आणि नागरिकांना त्यांची गरज नेमकी तेव्हाच अधिक असते.

संसदेच्या रेट्याची किंमत एका परराष्ट्रमंत्र्यांना पदाने मोजावी लागली. दाव्होस येथे स्वित्झर्लंडच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या हाती बोफोर्स चौकशीसंबंधीचे टिपण दिल्याचे प्रकरण बाहेर आले. संसदेत सदस्यांनी ते लावून धरले आणि मार्च १९९२ च्या अखेरीस माधवसिंह सोळंकी यांनी राजीनामा दिला. टिपण कोणी दिले, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ते सभागृहाला देऊ शकले नव्हते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा तेथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भारतीयांत महाराष्ट्राचे विद्यार्थीही होते. ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेतून सुमारे २२,५०० नागरिक परतल्याची माहिती जयशंकर यांनी १५ मार्च २०२२ रोजी संसदेला दिली. एप्रिलमध्ये लोकसभेत झालेल्या चर्चेलाही त्यांनी उत्तर दिले. परतलेल्यांच्या अपुऱ्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न त्यानंतरही अनेकदा सभागृहात आला. तो आरोग्य खात्याच्या कक्षेत जात असल्याने उत्तरे तेथून मागावी लागली.

कोणता प्रश्न कोणाला?

योग्य दार ठोठावणे हे यातले अर्धे काम असते. पासपोर्ट, दूतावासांचे साहाय्य, परदेशातील कैदी किंवा मृतांचे पार्थिव आणणे, परदेशी जाणाऱ्या कामगारांची फसवणूक आणि आंतरराष्ट्रीय भूमिका हे विषय परराष्ट्र मंत्रालयाचे आहेत. अनिवासी भारतीयांसाठी असलेले स्वतंत्र मंत्रालय २०१६ मध्ये याच मंत्रालयात विलीन झाले.

व्यापाराचे तसे नाही. भारत आणि युरोपीय महासंघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. त्या पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये करण्यात आली. या कराराचा कापूस किंवा सोयाबीन पिकवणाऱ्या बीडच्या शेतकऱ्यावर काय परिणाम होईल, हे वाणिज्य मंत्रालयाला विचारावे लागते आणि आयात शुल्काचा प्रश्न अर्थ मंत्रालयाकडे जातो. बालाघाटच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. त्याला युरोपात संरक्षण मिळणार काय, हाही वाणिज्य मंत्रालयाचाच विषय.

‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ किंवा ‘विचार करण्यात येईल’ असे उत्तर मिळाले, तरी विषय संपत नाही. अशी वाक्ये आश्वासन म्हणून नोंदली जातात. ती साधारणतः तीन महिन्यांत पूर्ण करावयाची असतात आणि सभागृहाची आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते.

प्रश्न आणि उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली असतात. खासदाराचे नाव, मंत्रालय किंवा तारीख घालून ती शोधता येतात. आपल्या प्रतिनिधीने परराष्ट्र मंत्रालयाला काय विचारले आणि काही विचारले की नाही, हे अंबाजोगाईच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला किंवा परदेशी मुलगा असलेल्या आष्टीच्या पालकाला घरबसल्या पाहता येते. खासदाराला लिहून प्रश्न सुचवण्यासही कोणाची हरकत नाही. १९४८ मध्ये आपल्या भवितव्याची चर्चा पॅरिसमध्ये चालू असताना बीडच्या माणसाला हा मार्ग उपलब्ध नव्हता. आज तो आहे आणि त्याला केवळ दीडशे शब्दांची मर्यादा आहे.