वत्सगुल्मची रेषा आणि दोन घड्याळांचा मेळ

मंडळी, अनसिंग वाशीम तालुक्यातलं, म्हणून सुरुवात वाशीमपासूनच करतो. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची गावं सांगितली, त्यांत अवंतीबरोबर वत्सगुल्मही आहे. आज नकाशा पाहिला तर उज्जैन ७५.८ अंशांवर आणि वाशीम ७७.१ अंशांवर. म्हणजे दोन्हीकडच्या मध्यान्हीत साधारण साडेपाच मिनिटांचा फरक! त्याला हसू नका. दूरच्या दोन गावांच्या वेळेतला फरक मोजायचा तरी कसा, हाच तर खरा प्रश्न होता.

आपल्या सिद्धांतग्रंथांनी उपाय दिला तो चंद्रग्रहणाचा. ग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी लागतं. मध्यरेषेसाठी गणिताने काढलेली वेळ आणि आपल्या गावी प्रत्यक्ष दिसलेली वेळ, यांतला फरक म्हणजे देशांतर. अडचण एवढीच की पृथ्वीच्या सावलीची कड धूसर असते, आणि चार मिनिटं चुकली की एक अंश चुकला.

आता गंमत पाहा. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जीपीएसची जी ‘कॉमन-व्ह्यू’ पद्धत मांडली गेली, तिचं तत्त्व हेच. दोन प्रयोगशाळा एकाच वेळी एकच उपग्रह बघतात, आपापलं अणुघड्याळ त्याच्याशी ताडतात आणि आकड्यांची वजाबाकी करतात. उपग्रहाचं घड्याळ चुकलं तरी ती चूक वजाबाकीत उडून जाते. नुसता रिसीव्हर पुरतो, म्हणून ही पद्धत जगभर पसरली. पण दोन्ही ठिकाणांवरचं आयनांबर सारखं नसतं, ती चूक मात्र पूर्ण उडत नाही.

दुसरी पद्धत दुतर्फा संदेशाची. समजा, अनसिंगहून आणि पुसदहून आपापल्या घड्याळात आठ वाजता एकेक एसटी सुटली. अनसिंगची गाडी पुसदच्या घड्याळात ८.५० ला पोचली, पुसदची गाडी इथल्या घड्याळात ८.४० ला. वजाबाकी दहा, तिचं निम्मं पाच. म्हणजे पुसदचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. रस्त्याला किती वेळ लागतो हे आधी ठाऊक असायची गरजच नाही! अट एकच, जाता-येता सारखाच वेळ लागायला हवा.

१९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहावरून अमेरिका आणि ब्रिटनने असाच मेळ घातला. १९७९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने सिम्फनी उपग्रहावरून जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगशी तो घातला. सिम्फनी छत्तीस हजार किलोमीटरवर. एका दिशेच्या प्रवासालाच जवळपास पाव सेकंद. तरीही तो पाव सेकंद वजाबाकीत जातो. उरतो तो पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम: पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा संदेश अगदी बरोबरीने पोचत नाही, तेवढं गणित वेगळं करावं लागतं. आज ही पद्धत नॅनोसेकंदापर्यंत जाते, म्हणजे प्रकाश एक फूट चालेल तेवढा वेळ. माझ्या मते अचूकतेत हीच सरस. पण दोन्हीकडे प्रक्षेपक हवेत, उपग्रहाचं भाडं हवं.

आणि जे कुणाशी ताडून न बघता जीपीएस सांगेल ती वेळ घेतात, त्यांचं काय होतं? २६ जानेवारी २०१६ ला जीपीएसच्या काही उपग्रहांनी सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकीची वेळ कळवली. तेवढ्यात प्रकाश चार किलोमीटर जातो.