कुंभकोणम ते महाड : इमारतींची तपासणी कोणाची, कशासाठी आणि केव्हा?

कुंभकोणम (तमिळनाडू) : कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले कुंभकोणम हे तंजावूर जिल्ह्यातील प्राचीन मंदिरनगर आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावूरला भोसल्यांची गादी स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली, त्यामुळे मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. येथून सुमारे २० किलोमीटरवर वेट्टार नदीकाठी तिरुक्करुगावूर हे गाव आहे. गर्भाचे रक्षण करणारी देवी म्हणून पूजल्या जाणाऱ्या गर्भरक्षांबिकेच्या दर्शनाला येथे देशभरातून दांपत्ये येतात. याच परिसरातील एका दुर्घटनेने देशातील सार्वजनिक इमारतींच्या तपासणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला.

१६ जुलै २००४

त्या दिवशी सकाळी कुंभकोणममधील एका खासगी शाळेच्या स्वयंपाकघरात, मध्यान्ह भोजन शिजत असताना आग लागली. ज्वाळांनी शाकारलेले छप्पर पेटले आणि आग वरच्या मजल्यावरील वर्गांवर पसरली. तेथेही छप्पर शाकारलेलेच होते आणि खाली उतरण्याची वाट अरुंद होती. या आगीत ९४ मुलांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक प्राथमिक वर्गांतील होती. एकाच इमारतीत तीन शाळा भरत असल्याचे त्यानंतर उघड झाले.

राज्य सरकारने न्यायमूर्ती के. संपत यांचा चौकशी आयोग नेमला आणि शाळांवरील शाकारलेली छपरे हटवण्याचे आदेश दिले. खटल्याचा निकाल लागण्यास दहा वर्षे गेली. ३० जुलै २०१४ रोजी तंजावूरच्या न्यायालयाने २१ आरोपींपैकी दहा जणांना दोषी ठरवले व ११ जणांची सुटका केली. दोषींमध्ये शाळेच्या चालकांबरोबरच शिक्षण विभागातील काही अधिकारी-कर्मचारी आणि एक अभियंताही होता. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोषींपैकी सात जणांना निर्दोष मुक्त केले आणि शाळेच्या संस्थापकाची जन्मठेप भोगलेल्या काळापुरती कमी केली.

चार कागद, एक इमारत

तमिळनाडूत सार्वजनिक इमारतींना १९६५ च्या परवाना कायद्यानुसार महसूल प्रशासनाचा, म्हणजे तहसीलदाराचा परवाना लागतो. त्यासाठी अभियंत्याने दिलेले बांधकामाच्या मजबुतीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. शाळेच्या बाबतीत अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र व आरोग्य विभागाचा स्वच्छता दाखला हेही आवश्यक असतात. या कागदांच्या आधारे शिक्षण विभाग मान्यता देतो.

ही साखळी कागदावर भक्कम दिसते. तिचा कच्चा दुवा असा की, प्रत्येक विभाग आपल्यापुरतेच पाहतो आणि उरलेल्या बाबींसाठी दुसऱ्याच्या सहीवर विसंबतो. कुंभकोणममध्ये इमारतीच्या भिंती कोसळल्या नव्हत्या. घात झाला तो छपराने, चुलीच्या जागेने आणि अरुंद वाटेने. बांधकाम मजबूत असणे आणि वापर सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट अभियंत्याच्या दाखल्यातून कळते. दुसरी कळण्यासाठी इमारत वापरात असताना, वर्ग भरलेले असताना कोणीतरी आत पाऊल टाकावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला. शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने म्हटले. शाळांनी सहा महिन्यांत अग्निशमन साधने बसवावीत, इमारत ज्वालाग्राही पदार्थांपासून मुक्त ठेवावी, बांधकामाचे ठराविक काळाने मूल्यमापन व्हावे आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळावे, असे निर्देश देण्यात आले. शाळांच्या इमारतींसाठी राष्ट्रीय इमारत संहितेचा निकष सांगण्यात आला. एरवी ही संहिता मार्गदर्शक स्वरूपाची आहे. राज्य किंवा स्थानिक संस्थेने आपल्या नियमावलीत स्वीकारल्यावरच ती बंधनकारक होते.

महाराष्ट्रातील व्यवस्था

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार, तो लागू असलेल्या इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करायचे असते. महानगरपालिका क्षेत्रांत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. नदीकाठच्या बांधकामांसाठी पूररेषा पाहिल्या जातात. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा मानली जाते.

या निकषांची मर्यादा रायगड जिल्ह्यातील महाडने दाखवून दिली. सावित्री नदीकाठच्या या ऐतिहासिक शहरात २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. ही इमारत जेमतेम दशकभरापूर्वी उभी राहिली होती. वयाचा निकष नगरपरिषदेच्या या शहरात लागू असता, तरीही ती त्याच्या कक्षेत आली नसती. धोका केवळ जुन्या वाड्यांना असतो, हा समज त्यामुळे फोल ठरतो.

नदीकाठच्या जुन्या शहरांत काय पाहावे?

त्रिभुज प्रदेशातील गाळाची, चिकणमातीयुक्त जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया असमान खचू शकतो. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या जाणाऱ्या, दरवर्षी रुंदावणाऱ्या भेगा हे त्याचे लक्षण आहे. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केल्यास आतील ओल बाहेर पडू शकत नाही आणि भिंत आतून कमकुवत होते. लाकडी तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजली आहेत का, वाळवी लागली आहे का, हे ठोकून पाहावे लागते. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. तेथे त्याआधी आणि त्यानंतर अशी दोनदा पाहणी करणे हिताचे. महाराष्ट्रात हीच वेळ जूनपूर्वी आणि ऑक्टोबरनंतर येते.

शाळा, मंगल कार्यालय किंवा धर्मशाळा असेल तर आणखी काही गोष्टी पाहणे अगत्याचे आहे. बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे का, तो कुलूपबंद तर नाही ना, जिन्यात सामान साठवलेले नाही ना आणि स्वयंपाकाची जागा वर्गांपासून वा निवासापासून वेगळी आहे का, हे पाहण्यासाठी पालकाला वा भाविकाला अभियंता असण्याची गरज नाही.

पुढील कसोटी

कुंभकोणमला २०२१ मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. दर बारा वर्षांनी येथे भरणारा महामहम उत्सव यापूर्वी २०१६ मध्ये झाला. पुढील उत्सव २०२८ मध्ये अपेक्षित आहे. १९९२ च्या उत्सवात चेंगराचेंगरीत अनेकांचे प्राण गेले होते. उत्सवाच्या दिवसांत मठ, मंगल कार्यालये, निवासगृहे आणि शाळांच्या इमारतींवर एरवीपेक्षा कितीतरी पट अधिक माणसांचा भार पडतो. त्या इमारतींची पाहणी गर्दी जमण्यापूर्वी, केवळ कागदांवरून नव्हे तर प्रत्यक्ष जागेवर झाली, तरच २००४ चा धडा उपयोगी पडला असे म्हणता येईल.