गेडिस साहेबांची दिवाळी आणि इंदूरचा प्लेग

इंदूरच्या दिवाळीविषयी लिहायचं म्हटलं की राजवाडा, सराफा, दिवे एवढंच आपल्याकडे येतं. मला मात्र १९१७ च्या दिवाळीतल्या एका मिरवणुकीबद्दल सांगायचं आहे.

तेव्हा शहरात प्लेग होता. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थांना बोलावलं होतं. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. त्यांनी महाराजांकडे मागणी केली ती अशी, की मला एका दिवसापुरतं महाराज करा. ती मान्य झाली. मग जाहीर झालं, की या वेळी मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्यानं जाईल.

मग काय, गल्लोगल्ली चुरस लागली! घराघरांतून, अंगणांतून गेडिस यांच्याच सांगण्यानुसार सहा हजारांच्या आसपास गाड्या कचरा निघाला. उंदीर हजारोंनी पकडले गेले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि कचऱ्याच्या गाड्या नव्यानं रंगवून, बैलांची शिंगं रंगवून आणल्या होत्या. सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून चालले. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले, लोकांना तुळशीची रोपं वाटली.

याच्या शेजारी १८९७ चं पुणं ठेवून पाहा. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला, रँड यांच्या हाताखाली गोरे सैनिक घराघरांत शिरले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. नेहमीची यंत्रणा बाजूला सारून बाहेरची माणसं आणली, की असं होतं. एक गोष्ट रँडच्या बाजूनं म्हणायची तर, तेव्हा पिसवांचा भाग ठाऊकच नव्हता. सिमोंनं तो १८९८ साली दाखवला. गेडिसना उंदीर कुठे शोधायचे ते आधीच माहीत होतं.

गेडिसनी नवं खातं काढलं नाही. रोज झाडणारी माणसं, रोजच्या गाड्या आणि दर वर्षी येणारा सण, एवढ्यावरच आणीबाणीचं काम उरकलं. दिवाळीआधी घर झाडायची सवय तर आपल्याला होतीच. तिला फक्त वेळ आणि दिशा दिली. मला हाच त्यातला कळीचा भाग वाटतो.

साथ ओसरली, पण त्याचं सगळं श्रेय मिरवणुकीला देता येत नाही. प्लेगचा हंगामही तेव्हा संपत आला होता, आणि हे खुद्द गेडिसही मान्य करतात. २०१७ ते २०२३ या काळात स्वच्छ सर्वेक्षणात मिळालेला आपला पहिला क्रमांक थेट तिथवर नेऊन भिडवणंही मला पटत नाही. मधे शंभर वर्षं आहेत.

पुढच्याच वर्षी, १९१८ ला, त्यांचा दोन खंडांचा अहवाल दरबाराला सादर झाला. नगररचनेचे अभ्यासक तो आजही वाचतात. मला मात्र त्यातल्या नकाशांपेक्षा हार घातलेल्या त्या माणसांचा प्रश्न जास्त छळतो: मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुठे, कोणत्या मजुरीवर आणि कोणत्या वागणुकीत कामाला गेली? आपल्या मंडळातल्या कुणाच्या घरी नगरपालिकेची जुनी हजेरी-बुकं किंवा पत्रं असतील, तर कृपया ती जपून ठेवा आणि आम्हाला पाहू द्या.